इंजिनाचा क्रमांक आणि माणसाचे नाव

(रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड, कल्याण ही रेल्वेने वाढवलेली गावे. या गावांतील जुन्या रेल्वे कुटुंबांच्या माळ्यावर पुष्कळदा एक पत्र्याची पेटी सापडते. ड्रायव्हर किंवा गार्ड गाडीवर निघाला की ही पेटी त्याच्याबरोबर इंजिनावर किंवा डब्यात चढत असे. तिला लाईन बॉक्स म्हणत. हातदिवा, लाल आणि हिरवे निशाण, धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके, नियमांचे पुस्तक, गाड्यांचे कामकाजी वेळापत्रक आणि दोन दिवसांची शिदोरी एवढा संसार तिच्यात मावत असे. माणूस निवृत्त झाला की पेटी घरी येते. माणूस गेला की ती माळ्यावर जाते. घर विकायला निघाले की ती भंगारवाल्याकडे जाते.

भुसावळच्या अशाच एका वाफेच्या इंजिनावरील ड्रायव्हरची पेटी त्याच्या नातीच्या हाती आली. नात शिक्षिका आहे. आजोबा १९४० च्या सुमारास इंजिन पुसणारा क्लीनर म्हणून शेडमध्ये लागले. पुढे फायरमन झाले, शंटर झाले, मालगाडीचे ड्रायव्हर झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. पेटीत हातदिवा होता, दृष्टी तपासल्याचे दाखले होते, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, इंजिनापुढे उभ्या असलेल्या तिघांचे एक छायाचित्र होते आणि दोऱ्याने बांधलेल्या अकरा वह्या होत्या. वह्यांत पानामागून पान एकच नोंद होती : तारीख, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कामावर हजर झाल्याची वेळ, काम सुटल्याची वेळ. नातीच्या मनात साधी इच्छा उत्पन्न झाली. आजोबांनी चालवलेल्या इंजिनांपैकी एखादे तरी कोठे उभे असेल तर ते पाहावे, त्याला हात लावावा. या इच्छेतून जो शोध सुरू झाला, तो तिने ठरवलेल्या मुक्कामाला पोहोचला नाही. पण ज्या मुक्कामाला तो पोहोचला, तेथे रेल्वे कामगारांच्या चळवळीला बरेच शिकण्यासारखे आहे. म्हणून त्याची हकीकत येथे मांडावयाची आहे.

इंजिनाचे चरित्र

इंजिनाचा शोध घेणे अवघड नाही, ही यातील पहिली आश्चर्याची गोष्ट. इंजिनाला जन्मदाखला असतो. त्याच्या अंगावर पितळी किंवा लोखंडी पाटी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, कारखान्यातील अनुक्रमांक आणि वर्ष कोरलेले असते. शिवाय त्याची जात त्याच्या नावाच्या अक्षरांतच सांगितलेली असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी, ‘वाय’ म्हणजे मीटरमापी. ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडीचे आणि ‘जी’ म्हणजे मालगाडीचे. भुसावळच्या आजोबांच्या वह्यांत मागील पंधरा-वीस वर्षांत सतत आढळणारी अक्षरे ‘डब्ल्यू जी’ ही होती. स्वातंत्र्यानंतर देशाने सर्वांत जास्त संख्येने वापरलेले हे मालगाडीचे इंजिन. त्यातील पहिली शंभर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधली. त्यानंतरचे ८४०१ क्रमांकाचे ‘देशबंधू’ हे १९५० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन होय. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, याच कारखान्याने शेवटचे रुंदमापी वाफेचे इंजिन बांधले. त्याचा क्रमांक १०५६० आणि नाव ‘अंतिम सितारा’. आरंभ आणि शेवट दोन्ही इतक्या नेमकेपणाने सांगता येतात.

जुन्या कंपन्यांच्या इंजिनांबाबत एक पेच पडतो. जी. आय. पी. रेल्वे १९२५ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि १९५१ मध्ये निजाम, सिंदिया व धोलपूर या संस्थानी रेल्वेंसह तिची मध्य रेल्वे झाली. पुढे सर्व देशासाठी एकच क्रमवारी ठरली, तेव्हा कंपनीच्या काळातील इंजिनांना नवे क्रमांक मिळाले. त्यामुळे १९४५ च्या वहीतील क्रमांक १९६५ च्या वहीत सापडत नाही, आणि नवख्या शोधकाला वाटते की इंजिन मोडीत निघाले. प्रत्यक्षात तेच इंजिन नव्या क्रमांकाने त्याच शेडमध्ये धूर ओकत असते. पण हा पेचही सुटतो. कारण जुन्या-नव्या क्रमांकांच्या याद्या आहेत आणि जगभरातील हौशी अभ्यासकांनी त्या ताडून पाहिल्या आहेत.

जतन झालेली इंजिने कोठे आहेत, हेही कळू शकते. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ च्या फेब्रुवारीत उघडले. हरियाणात रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली आहेत. नागपूरला मोतीबाग येथे अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. माथेरानच्या चिमुकल्या गाडीची कथा तर नमुनेदार आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेल्या या दोन फुटी रुळांवर १९०७ पासून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची चार इंजिने चढउतार करीत. १९८२ मध्ये त्यांची वाफ थांबली. चौघांचीही वाट आज सांगता येते. एक नेरळला राहिले, एक माथेरानला, एक दिल्लीच्या संग्रहालयात गेले आणि एक समुद्र ओलांडून इंग्लंडला पोहोचले. चार भावंडांपैकी कोण कोठे नांदले, हे पुष्कळ घरांनाही इतक्या खात्रीने सांगता येणार नाही.

भुसावळच्या नातीच्या पदरी मात्र निराशा आली. वह्यांतील क्रमांकांची तिने यादी केली. त्यातील एकही इंजिन तिला जतन केलेल्यांत आढळले नाही. हे स्वाभाविक होते. ‘डब्ल्यू जी’ जातीची सुमारे चोवीसशे पन्नास इंजिने होती आणि राखली गेली ती बोटांवर मोजण्याइतकी. रुंदमापी मार्गावरील शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात धावली. तोवर बाकीची ‘कंडम’ ठरून, गॅसने कापून, वजनावर विकली गेली होती. शेडमधला हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. इंजिन कंडम होते आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेला ड्रायव्हरही कामगारांच्या बोलीत कंडमच होतो.

पाटीवर कोणाचे नाव?

शोधाच्या या पहिल्या टप्प्यावर नात मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात मांडलेले जुने विजेचे इंजिन पाहण्यास गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. पुढील पाच वर्षांत तारा बोर आणि थळ हे दोन्ही घाट चढून पुणे व इगतपुरीपर्यंत गेल्या. सदतीस फुटांत एक फूट चढणाऱ्या या घाटांत मालगाड्या ओढण्यासाठी स्वित्झर्लंडच्या व इंग्लंडच्या कारखान्यांतून एकेचाळीस इंजिने आली. लांब नाक दोन्ही बाजूंना, मध्ये ड्रायव्हरची खोली, आणि चाकांना जोडणारे दांडे एखाद्या प्राण्याच्या नांग्यांप्रमाणे हलणारे. त्यातील एकाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. प्रवासी गाड्यांच्या विजेच्या इंजिनांपैकी एकाला पुढचे एक गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांचे नाव मिळाले. या गव्हर्नरांनी घाटात कधी ब्रेक लावला नव्हता, की भर पावसात रुळांवर वाळू सोडली नव्हती. तरी पितळेत कोरली गेली ती त्यांची नावे.

परंतु या इंजिनाचे आणखी एक नाव आहे. ते कोणत्याही पाटीवर कोरलेले नव्हते. कल्याण-कर्जत-लोणावळ्याचे कामगार त्याला ‘खेकडा’ म्हणत. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी, चालताना त्याचे दांडे सळसळत. त्याच्याशी रोज झुंजणाऱ्या माणसांनी त्याचे बारसे आपल्या भाषेत केले. आज देशोदेशीच्या पुस्तकांत या इंजिनाची माहिती देताना हे मराठी नाव आवर्जून सांगितले जाते. साहेबाच्या नावाला पितळेचा आधार लागला, कामगारांनी दिलेले नाव केवळ तोंडावर टिकून राहिले. पण खेकडा हे नाव प्रथम कोणाला सुचले, त्या कामगाराचे नाव मात्र कोणाजवळ नाही.

रेल्वेच्या इतिहासात हा भेद पहिल्या दिवसापासून आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीच्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावे शाळेतील मुलांनाही पाठ आहेत. बोर घाटाचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. १८६१ मध्ये त्या कामावर एकाच वेळी सुमारे बेचाळीस हजार मजूर होते. पटकीने आणि तापाने, सुरुंगांनी आणि दरडींनी त्यातील हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल यांचा मृत्यू १८५९ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेक्याची जबाबदारी स्वीकारली, हे इतिहासाने नोंदले आहे आणि ते योग्यच आहे. मजुरांची मात्र केवळ संख्या उरली.

माणसाच्या मागावर

इंजिने सापडली नाहीत तेव्हा नातीने शोधाची दिशा बदलली. निदान आजोबांच्या नोकरीचा पूर्ण तपशील मिळवावा, असे तिने ठरवले. इंजिनाच्या मानाने माणूस शोधणे किती बिकट आहे, हे तिला येथे समजले.

कंपनीच्या काळात इंग्लंडहून करारावर आलेल्या ड्रायव्हरचा वंशज आज आपल्या पूर्वजाचा शोध घेऊ लागला, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्याला नेमणुकीचा कागद मिळण्याचा संभव असतो. हिंदुस्थानी क्लीनरची भरती लंडनला कळवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. तो शेडच्या दारात उभा राहिला, कोणीतरी त्याला आत घेतले, आणि त्याचे नाव हजेरीपटावर चढले. मेल गाड्यांच्या ड्रायव्हरची जागा त्या काळी प्रायः गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांना मिळे. रेल्वेतील ही राखीव वाट इतकी पक्की होती, की ती टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत बंद करण्यासाठी भारतीय संविधानात ३३६ वे कलम घालावे लागले. एखाद्या क्लीनरला मेल गाडीचा ड्रायव्हर होण्यास तीस वर्षे का लागली, याचे उत्तर केवळ त्याच्या गुणावगुणांत शोधणे म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

निवृत्तिवेतनाच्या कागदांवरून माग काढावा, तर तेथेही फाटा फुटतो. रेल्वेत पेन्शनची योजना १९५७ मध्ये आली. तिच्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि नंतरही जुना भविष्यनिर्वाह निधी पसंत करणाऱ्यांना एकरकमी पैसे मिळाले आणि खाते मिटले. अशा माणसांच्या घरी पेन्शनचा हुकूम शोधून सापडत नाही, कारण तो कधी निघालाच नव्हता. या आजोबांनी निधीच पसंत केला होता. माहिती अधिकाराच्या कायद्याने २००५ पासून अर्ज करण्याचा हक्क मिळाला, त्याचाही नातीने उपयोग केला. उत्तर आले की जतनाची मुदत संपल्याने कागद नष्ट करण्यात आले आहेत. हे उत्तर नियमाला धरून होते. दप्तर सांभाळण्याचे नियम दप्तराच्या सोयीसाठी केलेले असतात. नातवंडांना चाळीस वर्षांनी काय विचारावेसे वाटेल, याचा विचार त्यांत नसतो.

वह्यांनी सांगितलेली गोष्ट

अशा रीतीने सर्व दारे मिटल्यावर ती पुन्हा त्या अकरा वह्यांकडे वळली. आजवर तिने त्यांतील केवळ इंजिनांचे क्रमांक पाहिले होते. आता तिने शेजारच्या दोन रकान्यांकडे पाहिले : हजर झाल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ. शिक्षिकेच्या सवयीने तिने वजाबाकी सुरू केली. चौदा तास. सोळा तास. अकरा तास. अठरा तास. पावसाळ्यातील एक नोंद एकवीस तासांची होती. नकाशावर चार-पाच तासांचे वाटणारे अंतर मालगाडीला असे का लागे, हे कोणत्याही रेल्वे कामगाराला सांगावे लागणार नाही. मेल जाऊ द्यायची, एक्स्प्रेस जाऊ द्यायची, आणि मालगाडीने बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभे राहायचे. गाडी उभी राहिली तरी आग विझवता येत नाही, बॉयलरातील पाण्यावरची नजर काढता येत नाही, आणि फायरमनच्या हातचे फावडे खाली ठेवता येत नाही. उन्हाळ्यात भुसावळची हवा आणि भट्टीचे उघडे तोंड यांच्यामध्ये ज्यांनी टनावारी कोळसा ढकलला, त्यांच्या हिशेबी उभी गाडी म्हणजे विश्रांती नव्हे.

१९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. पण धावत्या गाडीवरील कामगारांची ओढाताण त्यानंतरही चालू राहिली. १९७३ मध्ये इंजिनावरील कामगारांनी काम थांबवले, तेव्हा ‘हजर झाल्यापासून दहा तासांत सुटका’ ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने दहा तासांचे तत्त्व मान्य केले. ते तत्त्व वर्षानुवर्षे कागदावर राहिले, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. भुसावळच्या वह्यांत तिचा पुरावा आहे. समझोत्यापूर्वीच्या आणि नंतरच्या महिन्यांची नातीने तुलना केली, तेव्हा तासांच्या आकड्यांत तिला फारसा फरक आढळला नाही.

ज्या वह्या इंजिनांच्या आठवणी म्हणून जपल्या होत्या, त्या कामाच्या तासांची साक्ष निघाल्या. हे काही योगायोगाने घडले नाही. सुटकेची वेळ मिनिटासकट लिहून ठेवणाऱ्या माणसाला ती कोणासाठी लिहावयाची आहे, याची जाणीव असते. हिशेब मागणारे कोणी तरी पुढे येईल, या भरवशावर त्याने तीस वर्षे पेन्सिल झिजवली.

कोरी पाने

एका वहीत ७ मे १९७४ या तारखेनंतर नोंद नाही. पाने फाटलेली नाहीत, ती कोरी आहेत. मालकाने तारखा घालून ठेवल्या आहेत : ८ मे, ९ मे, १० मे. पुढचे रकाने मोकळे. अशी सात पाने आहेत. त्यानंतर जुलैमध्ये पुन्हा इंजिनाचा क्रमांक येतो.

८ ते २७ मे १९७४ हा रेल्वे संपाचा काळ होता. सुमारे सतरा लाख कामगारांना हाक घालणाऱ्या त्या संपाचे नेतृत्व ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. संप सुरू होण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. हजारोंची धरपकड झाली, अनेकांना नोकरीतून काढले, क्वार्टरमधून कुटुंबांना बाहेर घालण्यात आले. हे सारे पुस्तकांत आहे. परंतु भुसावळच्या एका क्वार्टरमध्ये काय घडले, ते पुस्तकांत नाही. ते नातीला आजीकडून कळले. इतकी वर्षे ते कोणी आजीला विचारलेच नव्हते.

“त्या दिवसांत ते घरी कुठे होते?” आजी म्हणाली. “रात्री पोलीस यायचे. ड्रायव्हर सापडला की धरून इंजिनावर चढवायचे. म्हणून हे केळीच्या बागेत झोपायचे. मी पहाटे डब्यात भाकरी घालून शेण वेचायला म्हणून निघायची. एकदा सापडले असते. पण बागवानाने सांगितलं, इकडे कुणी आलं नाही.”

पेटीच्या तळाशी एक सरकारी पत्र होते. संपाचा काळ हा सेवेतील खंड धरला जाईल, अशी ताकीद त्यात होती. सेवेतील खंड हे दोन शब्द वाचायला साधे वाटतात. त्यांचा अर्थ असा, की तीस वर्षांची नोकरी मध्येच तुटली. आधीची वर्षे हिशेबातून पुसली जाऊ शकतात. पास, बढती आणि निवृत्तीची रक्कम या साऱ्यांवर त्याची सावली पडते. १९७७ मध्ये सत्ता बदलली, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपातील सूडाच्या कारवाया मागे घेऊन काढलेल्यांना परत घेण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. ती गादी प्रवाशांना आठवते. आजीच्या लेखी मात्र त्या वर्षाचा अर्थ निराळा होता. “ते पत्र मग मी चुलीत घालणार होते,” ती म्हणाली, “पण हे म्हणाले, राहू दे. उद्या कोणी खोटं म्हणेल.”

स्मरणरंजन आणि इतिहास

जुन्या इंजिनांच्या शोधाला चळवळीतील कार्यकर्ते फारशी किंमत देत नाहीत. हा सुखवस्तूंचा छंद आहे, वाफ आणि शिट्टी यांच्या आठवणींत रमणारी माणसे भट्टीपुढे होरपळलेल्यांना विसरतात, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये इंजिनांच्या पितळी नावपट्ट्यांचे लिलाव होतात आणि एकेका पट्टीला हजारो पौंड मिळतात. रंगवलेल्या इंजिनापुढे छायाचित्र काढणाऱ्याला फायरमनच्या दम्याची आठवण होत नाही. संग्रहालयातील फलक इंजिनाचे वजन सांगतो, अश्वशक्ती सांगतो, कारखाना सांगतो. ते चालवणाऱ्यांनी किती तास उभे राहून चालवले, ते सांगत नाही.

परंतु हा दोष आठवण जपण्याचा नव्हे. अर्धी आठवण जपण्याचा आहे. आणि ही अर्धी आठवण केवळ संग्रहालयवाल्यांनी ठेवली, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. कामगार संघटनांनी तरी काय ठेवले? फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी.च्या कामगारांनी मोठा संप केला. त्या काळचे सभेचे इतिवृत्त, वर्गणीच्या वह्या, भिंतीवरचे कागद आज किती शाखांच्या कपाटांत आहेत? पुढाऱ्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत. सभासदांच्या याद्या उंदरांनी नेल्या. इंजिनाची पाटी पळवणाऱ्याला निदान तिचे मोल ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ड्रायव्हरला वही ठेवता आली. कारण त्याला लिहिता येत होते आणि त्याच्या कामाला मान होता. राखेच्या खड्ड्यातून जळती राख उपसणारा, टेंडरमध्ये डोक्यावरून कोळसा चढवणारा, उन्हातान्हात रुळ ठोकणारा गँगमन, वर्षानुवर्षे हंगामी राहिलेला मजूर यांच्या पेट्या कोणाच्या माळ्यावर सापडणार? मध्यरात्री कॉल बॉयने दार ठोठावले की उठून चूल पेटवणाऱ्या, डबा भरणाऱ्या आणि नवरा केव्हा परतेल याची वेळ ठाऊक नसलेल्या स्त्रीची नोंद कोणत्या हजेरीपटावर आहे? या वह्यांतील कोऱ्या सात पानांवरचा मजकूर एका अशाच स्त्रीजवळ होता. ती त्या वेळी हयात होती म्हणून तो मिळाला.

काय करता येईल

तेव्हा या शोधातून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. ज्यांच्या घरी रेल्वेचा माणूस होता, त्यांनी पेटी उघडावी. इंजिनाच्या क्रमांकाबरोबर वेळेचे रकाने वाचावेत. तपासणीचा दाखला, खुलासा मागणारे पत्र, दंडाचा हुकूम, युनियनची पावती हे कागद लाजेचे किंवा रद्दीचे समजू नयेत. नोकरीचा खरा इतिहास पुष्कळदा बक्षिसाच्या कागदापेक्षा शिक्षेच्या कागदावर असतो. जुन्या छायाचित्राच्या मागे त्यातील माणसांची नावे आज लिहून ठेवावीत. कारण उद्या ती सांगणारे कोणी राहणार नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारावे. प्रथम बायकांना विचारावे. आणि जेथे संघटनेची शाखा आहे, तेथे या कागदांच्या प्रती ठेवण्यासाठी एक कपाट आणि एक जबाबदार माणूस असावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. स्थानिक महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी अशा कामाला आनंदाने येतात, असा अनुभव आहे.

भुसावळच्या नातीकडे पितळी वस्तू जमवणारा एक गृहस्थ आला होता. हातदिव्याला त्याने चांगली किंमत सांगितली. वह्यांची त्याला गरज नव्हती. तिने दिवा दिला नाही, आणि वह्यांच्या दोन प्रती काढून एक युनियनच्या कचेरीत व एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिली.

आता तिचे एकच काम शिल्लक आहे. इंजिनापुढे उभ्या असलेल्या तिघांच्या छायाचित्रामागे आजोबांच्या अक्षरात इंजिनाचा क्रमांक आणि तारीख आहे, पण नावे नाहीत. मधले आजोबा. उजवीकडचा पहिला फायरमन कोण, हे शेडमधल्या एका वृद्ध फिटरने ओळखले; त्याचा मुलगा अकोल्यास आहे, त्याला तिने छायाचित्राची प्रत पाठवली. डावीकडे फावडे धरून उभा असलेला विशीतला पोरगा, दुसरा फायरमन, अद्याप कोणी ओळखलेला नाही. त्या इंजिनाचा क्रमांक, त्याचा कारखाना आणि त्याच्या जन्माचे वर्ष तिला ठाऊक आहे. त्या पोराचे नाव ती अजून विचारीत आहे.